पुसणे, फोडणे, पाखडणे : संगणकीय आरेखनाच्या मराठी पाठातील तीन क्रियापदे

तांत्रिक शिक्षणाच्या मराठी परिभाषेची चर्चा बहुधा नामांपाशी थांबते. यंत्राला, भागाला, मापाला काय म्हणावे यावर आपण वाद घालतो. विद्यार्थी मात्र अडतो तो क्रियापदापाशी, कारण त्याला काहीतरी करायचे असते. संगणकावरील आरेखनातून पुन्हा पुन्हा वापरले जाणारे घटक काढून टाकणे ही एकच छोटी क्रिया घेऊन प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

उटनूर-आदिलाबाद भागात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. येथील विद्यार्थ्याच्या घरी गोंडी, कोलामी, लंबाडी किंवा मराठी असते, बाजारात तेलुगू आणि पडद्यावर इंग्रजी. मराठी माध्यमातून शिकून आरेखकाच्या अभ्यासक्रमाला गेलेल्या मुलाला आज्ञांची इंग्रजी नावे पाठ होतात, पण दोन आज्ञांतला फरक समजावून घ्यायला त्याच्याजवळ शब्द नसतो.

१. साचा आणि छाप

ऑटोकॅड ही आरेखनप्रणाली १९८२ साली बाजारात आली. तिच्यात ‘ब्लॉक’ नावाची सोय आहे. समजा, एका वसतिगृहाच्या नकाशात ४० सारख्या खिडक्या आहेत. त्या ४० वेळा काढाव्या लागत नाहीत. खिडकी एकदाच काढून तिला नाव द्यायचे आणि हवी तेथे ती बसवायची. आरेखनाच्या फाइलमध्ये खिडकीची व्याख्या एकदाच साठवली जाते. कागदावर दिसतात ते त्या व्याख्येकडे बोट दाखवणारे ४० निर्देश.

इंग्रजीत बोलताना या दोन्ही गोष्टींना सर्रास ‘ब्लॉक’च म्हणतात आणि गोंधळाचे मूळ तेथेच आहे. मराठीत आपल्याला दोन शब्द सहज मिळतात : व्याख्येला ‘साचा’ आणि बसवलेल्या निर्देशाला ‘छाप’. साचा एक, छापा अनेक.

हा भेद आपल्या परिसरातल्या उदाहरणानेही शिकवता येतो. आदिलाबाद डोकरा या धातुकामाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात मेणाची आकृती मातीने लिंपून तापवतात, मेण वितळून जाते, पोकळीत धातू ओततात आणि शेवटी माती फोडून वस्तू बाहेर काढतात. तेथे एक साचा म्हणजे एकच वस्तू, वस्तू निघाली की साचा संपला. संगणकातील साच्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. सगळ्या वस्तू नाहीशा झाल्या तरी साचा शिल्लक राहतो.

२. तीन क्रिया

‘इरेज’ ही आज्ञा छाप पुसते. पडद्यावरची खिडकी जाते, पण साचा फाइलमध्ये जसाच्या तसा राहतो. ‘एक्सप्लोड’ ही आज्ञा छाप फोडते. खिडकीच्या सुट्या रेषा होतात आणि त्यांचा साच्याशी संबंध तुटतो. साच्याला येथेही धक्का लागत नाही. तिसरी आज्ञा ‘पर्ज’. जो साचा आरेखनात कोठेही वापरात नाही, तो ती फाइलमधून काढते.

‘पर्ज’ला मराठीत काय म्हणावे? साहित्याच्या अभ्यासकाला अॅरिस्टॉटलच्या संदर्भातले ‘विरेचन’ आठवेल आणि राजकारणाच्या अभ्यासकाला ‘शुद्धीकरण’. पण या दोन्ही शब्दांत बाहेर जाणारे ते वाईट असा भाव आहे. येथे वाईट काही नाही, केवळ बिनवापराचे आहे. ‘काढून टाकणे’ तर तिन्ही आज्ञांना लागू पडते, म्हणून निरुपयोगी. माझी सूचना ‘पाखडणे’ या शब्दाची आहे. सुपात धान्य पाखडताना जड दाणा राहतो आणि फोल उडून जाते. ‘पर्ज’मध्येही वापरात असलेला साचा आपोआप मागे राहतो, आपण सांगितले तरी जात नाही.

३. फरक न कळल्यास काय बिघडते

हा काथ्याकूट केवळ शब्दांचा नव्हे. समजा, विद्यार्थ्याने ‘दार’ नावाच्या साच्याच्या सर्व छापा पुसल्या. नंतर दुसऱ्या आरेखनातून त्याच नावाचे, पण नव्या मापाचे दार नकल करून आणले. चिकटवल्यावर पडद्यावर उमटते ते जुनेच दार! कारण एका आरेखनात एका नावाचा एकच साचा राहू शकतो आणि नाव जुळले की आधीपासून असलेला साचा ग्राह्य धरला जातो. पुढे त्यावरून मापे काढली गेली, तर चूक थेट बांधकामावर जाते. पुसण्यानंतर पाखडले असते तर हे टळले असते.

पाणिनीच्या व्याकरणातील लोपाची कल्पना येथे उपयोगी पडते. लोप म्हणजे न दिसणे. प्रत्यय लोपला तरी, काही अपवाद वगळता, त्याच्यामुळे घडणारे कार्य घडतच राहते. पुसलेल्या छापेचा साचा तसाच आहे : दिसत नाही, पण कार्य करतो.

४. नमुना पाठ

(१) मूळ फाइल बाजूला ठेवून तिच्या प्रतीवर काम करा.
(२) एक खिडकी काढून तिचा साचा करा आणि पाच छापा बसवा.
(३) सर्व छापा पुसा. आता ‘इन्सर्ट’ची यादी उघडा. खिडकीचे नाव अजून तेथेच दिसेल.
(४) ‘पर्ज’ द्या आणि यादी पुन्हा पाहा. नाव गेलेले असेल.
(५) नवा साचा करून त्याची एक छाप गोठवलेल्या स्तरावर ठेवा आणि पाखडून पाहा. साचा जाणार नाही, कारण न दिसणारी छापही वापरातच असते.
(६) ‘खोली’ या साच्यात ‘खिडकी’चा साचा गुंतवा. खोलीची छाप असेपर्यंत खिडकीचा साचाही निघत नाही. खोलीची छाप पुसल्यावर आतले घटकही पाखडण्याचा पर्याय निवडा, नाहीतर आज्ञा पुन्हा द्यावी लागेल.

तिसऱ्या आणि पाचव्या पायरीवर शिक्षकाने थांबावे आणि ‘काय गेले, काय राहिले?’ हे विद्यार्थ्याकडून मराठीत वदवून घ्यावे. साचा आणि छाप हे दोन्ही शब्द त्याच्या वाक्यात आले, तर पाठ कळला असे समजावे.

५. समारोप

भाषेचा व्यवहारही याहून फार वेगळा नाही. शिवकाळात सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यांतले काही रुळले. पण कागद, अर्ज, जमीन, सरकार हे शब्द आजही आपल्या बोलण्यात आहेत. जे वापरात आहे ते पाखडून निघत नाही.

परिभाषा करणाऱ्यांनी हा नियम ध्यानात ठेवावा. ‘ब्लॉक’, ‘पर्ज’ ही आज्ञांची नावे पडद्यावर आहेत, तोवर ती विद्यार्थ्याच्या तोंडी राहणारच. त्यांना हटवण्यात शक्ती घालवू नये. आज्ञा इंग्रजीत असो, तिचा अर्थ सांगणारे वाक्य मात्र धड मराठी असावे. त्यासाठी नवे शब्द घडवण्याआधी आपल्या शेतात, स्वयंपाकघरात आणि कारागिराच्या हाताशी असलेली क्रियापदे तपासून पाहावीत. त्यांतली बरीच अजून वापरात आहेत.