विहिरीचें पाणी व ब्लीचिंग पावडर

मुंबईंतील शिवडी कापूस पिकविणारांस अपरिचित नाहीं. कुलाब्याचा कापूस-बाजार पुढें तेथें हलविण्यांत आला. शेजारच्या ‘कॉटन ग्रीन’ स्टेशनाच्या नांवांत ती आठवण आहे. ज्या चूर्णाविषयीं येथें लिहावयाचें, त्याचाही जन्म कापडासाठींच झाला. पूर्वीं कोरें कापड पांढरें करण्यास तें आठवडेच्या आठवडे उन्हांत पसरावें लागे. 1799 सालीं ग्लासगो येथील चार्ल्स टेनंट यांनीं विझविलेल्या चुन्यांत क्लोरीन वायु जिरवून विरंजक चूर्ण करण्याचें पेटंट घेतलें. हीच ब्लीचिंग पावडर.

पाण्यांत या चूर्णांतील क्लोरीन मोकळा होऊन पटकी, विषमज्वर इत्यादि रोगांचे जंतु मारतो. ताज्या चूर्णांत त्याचें प्रमाण शेंकडा सुमारें 33 असतें. परंतु हवा, ओल व ऊन लागल्यास तो उडून जातो. म्हणून उघड्या पोत्यांतील जुनें चूर्ण मूठभर टाकून निश्चिंत राहणें म्हणजे मुलांबाळांचा जीव दैवावर सोडणें होय.

मात्रा हिशेबानें ठरवावी. शेताचें क्षेत्र काढतों, तसें पाण्याचें माप काढावें. गोल विहिरीच्या व्यासाचे मीटर त्याच संख्येनें गुणावे, मग पाण्याच्या खोलीनें व शेवटीं 785 नें गुणावे, म्हणजे लिटर येतात. व्यास 3 मीटर व खोली 4 मीटर असल्यास 28,260 लिटर झाले. दर 1,000 लिटरांस 2.5 ग्रॅम याप्रमाणें सुमारें 71 ग्रॅम ताजें चूर्ण लागेल.

तें बादलींत थोड्या पाण्यानें कालवून, पाऊण बादली पाणी घालून ढवळावें व दहा मिनिटें निवूं द्यावें. वरची निवळी दुसऱ्या बादलींत ओतून ती दोरानें विहिरींत सोडावी व पाण्याखालीं खालवर हलवावी. तळचा चुना विहिरींत टाकूं नये. हें काम रात्रीं करावें. निदान एक तास पाणी भरूं नये. तासानंतर दर लिटरांत 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा. ही तपासणी आरोग्यसेवकाकडून करवून घ्यावी. गढूळ पाण्यांत क्लोरीन गाळांतच खर्ची पडतो. तेव्हां पाणी निवळूं द्यावें व तोंवर उकळून प्यावें.

चूर्ण घट्ट झांकणाच्या डब्यांत, कोरड्या व अंधाऱ्या जागीं ठेवावें. आम्लाशीं त्याचा संबंध येतांच विषारी वायु सुटतो. युरिया, अमोनियम सल्फेट, तेल व कीटकनाशकें यांजपासून तें दूर ठेवावें. खतांच्या कोठींत तर मुळींच ठेवूं नये.