फोटोतला किनारा आणि डिसेंबरचा वारा

सेशेल्समधल्या प्रालँ बेटावरचा आन्स लाझिओ हा किनारा जगातल्या सुंदर किनाऱ्यांच्या कुठल्याही यादीत सापडतो. ग्रॅनाइटचे गुळगुळीत गुलाबी-करडे धोंडे, पिठासारखी वाळू आणि खाडीच्या मधोमध डौलात उभी एखादी शिडाची बोट. त्या फोटोत कळत नाही ते एवढंच, की खाडीचं तोंड वायव्येला आहे. मे ते सप्टेंबर इथे आग्नेयेचे व्यापारी वारे वाहतात. तेव्हा प्रालँचा सगळा डोंगर पाठीशी असतो आणि खाडीतलं पाणी निवांत असतं. डिसेंबर ते मार्च वारा फिरतो, वायव्येकडून येतो आणि त्याच खाडीत सरळ घुसतो. आता आपल्याकडच्या नोकरदार मंडळींना एकत्र सुट्ट्या मिळतात कधी? नाताळात.

पुण्यातल्या एका कॉलेजच्या जुन्या मित्रांचा गट असाच डिसेंबरात माहे बेटावरून कॅटामरान, म्हणजे जुळ्या बुडाची शीडनौका, घेऊन निघाला. मीही त्यातलाच. दंतवैद्य, सीए, दोन इंजिनिअर, त्यांच्या बायका, एकीचा भाऊ. बोट बिनकप्तानाची भाड्याने घेतली होती, कारण गटातल्या एकाने मुंबई बंदरात शीडनौकानयन शिकून पुढे रीतसर प्रमाणपत्र मिळवलं होतं. माणूस तयारीचा होता. अडचण एवढीच की वीस वर्षं सगळ्यांनी त्याची टिंगल केलेली. अशा माणसाला अचानक ‘कॅप्टन’ म्हणायचं आणि तो म्हणेल तेव्हा हातातला चहा टाकून दोर ओढायचा, हे कुणाच्याच अंगवळणी पडलेलं नव्हतं.

आन्स लाझिओत नांगर पडला तो दुपारी. वायव्येला ढग जमत होते. कप्तान म्हणाला, “जेवण उरका, आपण बेटाला वळसा घालून बे सेंट अ‍ॅनला जाऊ, तिकडे आडोसा आहे.” सीए म्हणाला, “अरे, फोटो काढायलाच तर आलोय इथे!” स्वयंपाकघरात मासळीचं कालवण रटरटत होतं, एका जोडप्याच्या लग्नाचा वाढदिवस होता, तेव्हा मतं घेतली गेली. राहायचं ठरलं. कप्तानाने खांदे उडवले, कारण मित्रांत फार ताणायचं नसतं.

रात्री दोनच्या सुमारास बोटीचं नाक उचलून आपटायला लागलं. प्रत्येक आपटीबरोबर साखळी कडकन ताणली जाई आणि पायाखालच्या फळ्यांतून तो हिसका दातांपर्यंत जाणवे. वारा समुद्राकडून, मागे किनारा आणि त्याच्या दोन्ही अंगांना ते फोटोतले धोंडे. नांगर वाळूत सरकत होता. नांगर उचलायच्या यंत्राचं बटण नेमकं कुठे, हे दोघांनाच माहीत, आणि त्यातला एक औषध घेऊन गाढ झोपलेला. एकाने अडकलेली साखळी हाताने सोडवायला हात घातला. कप्तान ओरडला म्हणून बोटं वाचली. शेवटी इंजिन चालू करून बोट खोल पाण्यात काढली आणि उजाडेपर्यंत आळीपाळीने पहारा करत तिथेच घिरट्या घातल्या. कुणाला काही झालं नाही. पण सकाळी कुणी कुणाशी धड बोलेना, आणि कालवणाचं भांडं फरशीवर पालथं.

मित्रांसोबत बोटीवर जाणाऱ्यांनी सगळ्यात आधी सोडवायची गोष्ट हीच: अखेरचा शब्द कुणाचा. कुठे पोहायचं, काय खायचं, कुठल्या बारमध्ये बसायचं यावर खुशाल मतं घ्यावीत. नांगर कुठे टाकायचा, कधी उचलायचा, अंधार पडण्याआधी कुठे पोचायचं, यावर कप्तान एकदा नाही म्हणाला की विषय संपला. हे विमानात बसण्याआधी, सगळ्यांसमोर, मोठ्याने ठरवावं. हसू येईल, येऊ द्यावं. आमच्या गटाने ते त्या सकाळी केलं आणि उरलेली सहल सुरळीत पार पडली.

आमच्या त्या रात्रीच्या नेमकं उलट उदाहरण आपल्या शेजारीच आहे. ‘तारिणी’ या शीडनौकेवरून नौदलाच्या सहा महिला अधिकारी सप्टेंबर 2017 मध्ये गोव्याहून निघाल्या आणि मे 2018 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतल्या. त्याआधी ‘म्हादेई’ या थोरल्या बहिणीवर त्यांनी महिनोन्‌महिने सराव केला होता, मॉरिशसपर्यंत जाऊन आल्या होत्या. कप्तान कोण, याबद्दल कुणाच्याही मनात शंका नव्हती. आठवड्याच्या सहलीला एवढा सराव कुणी करणार नाही, करायची गरजही नाही. पण निघायच्या सकाळी धक्क्यावरच तासभर काढून प्रत्येकाने इंजिन चालू-बंद करणं, नांगराचं यंत्र चालवणं, रेडिओच्या 16 नंबरच्या चॅनेलवर बोलणं आणि माणूस पाण्यात पडला तर त्याच्याकडे बोट दाखवत नजर न हलवणं, एवढं करून पाहावं. कप्तानच आजारी पडला तर काय, हा प्रश्न अशुभ वाटतो म्हणून कुणी विचारत नाही.

नांगराचं गणित तर पाचवीतलं आहे. पाण्याची खोली, बोटीच्या नाकाची पाण्यापासूनची उंची आणि भरतीने वाढणारं पाणी यांची बेरीज करायची आणि किमान पाचपट साखळी सोडायची. सहा मीटर पाणी, एक मीटर नाक, एक मीटर भरती: आठ पंचे चाळीस. आन्स लाझिओत जेमतेम वीस मीटर साखळी सोडली होती, कारण बाजूला दुसरी बोट होती आणि ‘एवढी पुरेल’ असं सगळ्यांनाच वाटलं. साखळी सोडल्यावर इंजिन मागे चालवून नांगर रुतला का ते पाहायचं, किनाऱ्यावरचं झाड आणि त्यामागचा धोंडा एका रेषेत धरून ती रेषा सरकते का ते बघायचं. पाणी स्वच्छ असतं, त्यामुळे मास्क लावून कुणीतरी खाली नांगर पाहून येणं सगळ्यात उत्तम. नांगर पडावा तो फिक्या रंगाच्या वाळूवर. गडद डाग म्हणजे प्रवाळ किंवा समुद्रगवत. तिथे नांगर टाकला तर तो धरत नाही आणि शेकडो वर्षांची वाढ एका रात्रीत खरवडली जाते.

प्रवाळ ओळखायला सूर्य लागतो, तोही डोक्यावर किंवा पाठीमागे. म्हणून अनोळखी खाडीत शिरायचं ते सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान. खोल पाणी निळं, उथळ हिरवट, आणि तपकिरी दिसलं की तिकडे जायचं नाही. सेशेल्स विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम चार-पाच अंशांवर आहे. वर्षभर सूर्य साडेसहाच्या आगेमागे मावळतो आणि संधिप्रकाश विसेक मिनिटांत आटोपतो. कोकणातल्या मे महिन्यातल्या रेंगाळणाऱ्या संध्याकाळची सवय असलेल्यांची इथे हमखास फसगत होते.

पडद्यावरच्या नकाशावर तर फारच विश्वास बसतो, आणि तो तरुणांचा जास्त. 29 नोव्हेंबर 2014 रोजी व्होल्वो ओशन रेसमधली ‘टीम व्हेस्टास विंड’ ही नौका केपटाउनहून अबुधाबीला जाताना मॉरिशसच्या ईशान्येच्या कारगादोस काराजोस प्रवाळखडकावर अंधारात पूर्ण वेगाने आदळली. बोटीवर नऊ माणसं, त्यातले बहुतेक कसलेले खलाशी, आणि उत्तमातली उत्तम यंत्रं होती. पण इलेक्ट्रॉनिक नकाशा ज्या प्रमाणात उघडला होता त्यात तो खडक नीट दिसतच नव्हता. आणखी जवळून पाहिल्यावर दिसला असता. नऊही जण वाचले. जगभर शर्यती करणाऱ्यांचं असं होतं, तर आयपॅडवर दोन बोटांनी नकाशा सरकवणाऱ्या पुणेकर इंजिनिअरने जरा जपून राहावं. निघायच्या आदल्या रात्री पूर्ण मार्ग सगळ्यात जवळून, इंच-इंच पाहायचा, आणि सोबत कागदी नकाशा ठेवायचा.

आता वाऱ्याचं. जुलैत सेशेल्सवरून आग्नेयेचा जो जोरदार वारा जातो, तोच विषुववृत्त ओलांडून सोमालियाच्या किनाऱ्याशी वळतो आणि नैर्ऋत्य मोसमी वारा होऊन कोकणावर कोसळतो. रत्नागिरीत मुसळधार लागलेली असते तेव्हा माहेच्या समुद्रात लाटा उसळलेल्या असतात, पण आकाश बरंचसं कोरडं असतं. डिसेंबर-जानेवारीत वायव्येचा वारा एरवी सौम्य असतो, पण पावसाच्या सरींबरोबर एकदम झडपा मारतो. माहेवर सर्वांत जास्त पाऊस पडतो तो जानेवारीतच. मधले एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर शांत. पाणी आरशासारखं, बुड्या मारायला सर्वोत्तम, पण शीड फडफडत राहतं आणि इंजिनवरच भिस्त ठेवावी लागते. पहिल्यांदा जाणाऱ्या, लहान मुलं किंवा पोहता न येणारी माणसं बरोबर असलेल्या गटाने हे महिने निवडावेत. डिसेंबरातच जायचं तर जावं, पण खाड्या वारा पाहून ठरवाव्यात: वायव्येच्या दिवसांत बेटांची पूर्व आणि दक्षिण बाजू, आग्नेयेच्या दिवसांत पश्चिम आणि उत्तर.

माहे ते प्रालँ हे अंतर साधारण 44 किलोमीटर. कॅटामरानला चार-पाच तास लागतात, आणि दोन्ही मोसमांत लाट आडवी येते. बोट पुढे-मागे न झुलता डावी-उजवीकडे हिंदकळते, त्यात पोटाची सगळ्यात जास्त परीक्षा होते. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी उलटी यायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. ती निघायच्या तास-दोन तास आधी, डॉक्टरांना विचारून घ्यावी. तिने झोप येते, म्हणून ती घेतलेल्याने सुकाणू धरू नये आणि त्यावर बिअरही पिऊ नये. ज्याला मळमळतंय त्याला खाली केबिनमध्ये पाठवू नये. वर, वाऱ्यात, नजर क्षितिजावर. त्या दिवशी पोळ्या लाटण्याचा हट्ट करणाऱ्याला सगळ्यांनी मिळून अडवावं. खिचडी, दही, केळी एवढ्यावर दिवस निघतो. पोळ्या नांगर पडल्यावर.

गोड्या पाण्यावरून भांडणं होतात, पैशांवरून होतात त्याहून जास्त. अशा बोटीवर टाकीत काहीशे लिटर पाणी असतं आणि माणसं आठ. घरच्यासारखी दहा मिनिटांची अंघोळ केली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकी खडखडते. समुद्रात डुंबून मग बोटीच्या मागच्या पायरीवर अर्धा तांब्या गोडं पाणी, हा सरळ हिशेब. तसंच शौचालयाचं. त्याच्या नळ्या बारीक असतात आणि कागद आत टाकला की तुंबतात. ते साफ करायला कंपनी माणूस पाठवत नाही, तुमच्यातलाच कुणीतरी करतो.

ला दीग बेटावरचा आन्स सूर्स दार्जां हा त्या धोंड्यांचाच दुसरा प्रसिद्ध किनारा. प्रवाळाच्या आत पाणी इतकं उथळ, की ओहोटीला रबरी होडी वाळूवर बसते आणि तिला खांद्यावर घेऊन परत आणायची वेळ येते. भरतीचं वेळापत्रक फोनमध्ये उतरवून ठेवावं, म्हणजे चप्पल हातात घेऊन अर्धा किलोमीटर चालावं लागत नाही.

पैशांचं आधीच बोलून घ्यावं, कारण सेशेल्स महाग आहे. खाण्यापिण्याच्या बहुतेक वस्तू बाहेरून येतात. बोटीची अनामत रक्कम हजारो युरोंची असते आणि ती कुणा एकाच्या कार्डावर अडकते. इंजिनच्या पंख्याला दोर अडकून तो वाकला, तर ती रक्कम कार्डवाल्याची जाणार की सगळ्यांची, हे लेखी ठरलेलं बरं. समुद्री उद्यानांचं शुल्क, डिझेल, परतताना लागणारी साफसफाई हे वेगळं. भारतीयांना आगाऊ व्हिसा लागत नाही, पण ऑनलाइन प्रवास-परवानगी निघण्याआधी घ्यावी लागते. प्रवासविमा काढताना शीडनौकेवरचा अपघात त्यात येतो का, ते नीट वाचावं. बऱ्याच साध्या पॉलिसींमध्ये तो येत नाही.

आणि आतल्या बेटांच्या बाहेर जाऊ नये. 2009 मध्ये माहेहून टांझानियाकडे निघालेल्या एका ब्रिटिश दांपत्याला सोमाली चाच्यांनी समुद्रातच पकडलं आणि वर्षाहून अधिक काळ डांबून ठेवलं. माहे, प्रालँ, ला दीग या पट्ट्यात त्याची काळजी करण्याचं कारण नाही, आणि भाड्याच्या बोटींना त्या पलीकडे जायची मुभाही सहसा नसते.

गटात खरोखर शिकलेला, दोन-चार मोसम पाण्यावर काढलेला माणूस नसेल तर स्थानिक कप्तान घ्यावा. सेशेल्सच्या माणसाला कुठल्या ढगाला किती पाऊस आहे हे कळतं, आणि कोळ्याकडून ताजा ‘बुर्ज्वा’, म्हणजे लाल मासा, घासाघीस न करता मिळतो. त्याचं रोजचं मानधन वेगळं, जेवण आपल्याकडे, आणि त्याला झोपायला जागा लागते. म्हणजे आठ जणांच्या बोटीवर मित्र सातच. आठवा कोण गळणार, ते आगाऊ रक्कम भरण्याआधी ठरवावं.