एक बटण दाबा, फोन लागेल

सख्यांनो, तुमच्या ग्रामसंघाचे महत्त्वाचे नंबर कुठं आहेत? बहुतेक गावांत उत्तर एकच येतं: "अध्यक्षाताईंच्या मोबाईलमध्ये." ताई माहेरी गेल्या, मोबाईल बंद पडला, की सगळे नंबर गेले. मग कुणाला साप चावला, कुणाला कळा सुरू झाल्या, तर शोधाशोध सुरू. म्हणून या वेळचा पाठ आहे कार्यालयातल्या फोनवर बटणाला नंबर जोडून ठेवण्याचा. याला ‘स्पीड डायल’ म्हणतात. एकदा जोडला की पुढं एकच बटण दाबायचं.

आधी यादी करा

११२ (पोलीस आणि कोणतीही आपत्कालीन मदत), १०८ (रुग्णवाहिका), १०२ (गरोदर माता व बाळासाठी गाडी), १९३० (ऑनलाईन फसवणूक), १९६२ (जनावरांचा दवाखाना) हे नंबर छोटे आहेत. ते पाठच करायचे, त्यांच्यासाठी बटण अडवू नका. बटणं ठेवा दहा आकडी नंबरांसाठी: आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र, बँक शाखा, सीआरपीताई, ग्रामसेवक, सरपंच. बँकेचा नंबर पासबुकावरूनच घ्या. इंटरनेटवर शोधलेला ‘कस्टमर केअर’चा नंबर चोरांचाही असू शकतो.

टेबलावरचा फोन

१. ‘स्टोअर’, ‘सेट’ किंवा ‘प्रोग्राम’ असं लिहिलेलं बटण दाबा.
२. नंबर दाबा.
३. ज्या बटणावर तो ठेवायचा ते बटण दाबा (बहुतेक ‘एम १’, ‘एम २’ असं लिहिलेलं असतं).
४. लगेच ते बटण दाबून बघा. फोन लागला की काम झालं.

काही फोनवर आधी जागेचं बटण आणि मग नंबर, असा उलटा क्रम असतो. फोनसोबतच्या पुस्तिकेत तो दिलेला असतो.

इथं एक गोष्ट नेहमी चुकते. १५ जानेवारी २०२१ पासून तारेच्या लँडलाईनवरून मोबाईलला फोन लावताना आधी शून्य लावावं लागतं. म्हणून बटणाला नंबर जोडतानाही शून्य आधी घाला. तुमचा टेबलफोन सिमकार्डावर चालत असेल तर शून्याची गरज नाही.

बटणांचा साधा मोबाईल

मेनूमध्ये ‘कॉन्टॅक्ट’ उघडा, त्यात ‘स्पीड डायल’ शोधा. हवा तो आकडा निवडा आणि नाव जोडा. पुढं तो आकडा दाबून धरला की फोन लागतो. १ आकडा सहसा व्हॉइसमेलसाठी असतो. ५ आणि ९ मोकळे ठेवा, कारण २०१६ च्या सरकारी नियमानुसार साध्या फोनवर संकटाच्या वेळी ११२ लावायचं बटण ५ किंवा ९ ला दिलेलं असतं. उरले २, ३, ४, ६, ७, ८. सहा बटणं, सहा नंबर. पुरतात!

वाचता न येणाऱ्या सखीसाठी

बटणावरचे आकडे इंग्रजी असतात, आणि आपल्यातल्या काही जणींना ते ओळखू येत नाहीत. सोपा उपाय म्हणजे टिकली. लाल टिकली दवाखान्याला, हिरवी बँकेला, पिवळी सरपंचांना. भिंतीवरच्या कागदावरही त्याच रंगाची टिकली आणि शेजारी छोटं चित्र. बोटानं ओळखायचं असेल तर मधल्या ५ वर बारीक उंचवटा असतो, तिथून वर-खाली मोजायचं.

पुराची आठवण ठेवा

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै कोल्हापूरकर विसरणार नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका, हे पोरांनाही पाठ आहे. अशा वेळी लाईट जाते, मोबाईल चार्ज होत नाहीत. म्हणून जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ लिहून ठेवा. मोबाईलवरून लावताना आधी कोल्हापूरचा ०२३१ लावा. आणि सगळे नंबर वहीतही हवेतच. फोन बदलला, की बटणावरचे नंबर जातात. वहीतले राहतात.

पुढच्या बैठकीत करायचं काम

- सहा नंबर कोणते, ते सगळ्या जणींनी मिळून ठरवा आणि ठराव वहीत लिहा.
- प्रत्येकीनं स्वतः एकेक बटण दाबून बघायचं. "मला नाही जमत" म्हणणारीनं सगळ्यांत आधी!
- दर तीन महिन्यांनी नंबर तपासा. ग्रामसेवक बदलले, बँकेचे साहेब बदलले, तर बटणही बदला.
- एटीएमचा पिन, ओटीपी, पासवर्ड फोनमध्ये किंवा भिंतीवर कधीच लिहू नका.

नंबर एकीकडं असला तर तो तिचा. बटणावर आला की सगळ्या गावाचा.