विकी : सगळ्यांनी मिळून लिहिलेली वही

‘विकी’ हा शब्द आपण नेहमी ऐकतो, पण तो आला कुठून? हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे ‘लवकर’. होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांची ने-आण करणाऱ्या बसला ‘विकी विकी’ म्हणत. अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली असे संकेतस्थळ तयार केले, की ज्याचे पान वाचणारा माणूस ते तिथल्या तिथे दुरुस्त करू शकेल. त्याला त्यांनी या बसचेच नाव दिले. १५ जानेवारी २००१ रोजी जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी याच पद्धतीवर विकिपीडिया सुरू केला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा, म्हणजे महाराष्ट्र दिनाचा.

विकिपीडिया आपण वाचतो. पण वर्गाचा स्वतःचा विकी असू शकतो, हे मला दहावीत आल्यावर कळले. आमच्या इतिहासाच्या सरांनी संगणक कक्षात फक्त आमच्या सेक्शनसाठी एक विकी सुरू केला. प्रत्येक धड्याला एक पान आणि प्रत्येक पानाला पाच कॅडेट. प्रेपच्या वेळेत आठवड्यातून दोनदा आम्ही त्यावर लिहितो.

विकीचे तीन भाग समजून घेतले की काम सोपे होते. पहिला भाग म्हणजे पान. मजकूर इथे असतो. दुसरा भाग म्हणजे पानाचा इतिहास. कोणी, कधी, काय बदलले याची नोंद त्यात आपोआप होते आणि जुने पान एका क्लिकवर परत आणता येते. त्यामुळे कोणी चुकून सगळे पुसले तरी घाबरायचे कारण नाही. तिसरा भाग म्हणजे चर्चेचे पान. मतभेद झाला तर तो इथे मांडायचा. धड्याच्या पानावर खोडाखोडी करायची नाही.

एक उदाहरण देतो. ‘भारतातील राष्ट्रवाद’ या धड्यात दांडीयात्रा आहे. एका कॅडेटने लिहिले, ‘गांधीजी ६ एप्रिल १९३० ला दांडीला पोहोचले.’ दुसऱ्याने ते बदलून ५ एप्रिल केले. पहिल्याने पुन्हा ६ केले. असे तीनदा झाले. शेवटी सर म्हणाले, “भांडू नका, पुरावा आणा.” दोघे ग्रंथालयात गेले. तेव्हा कळले, की यात्रा १२ मार्चला साबरमतीहून निघाली, ५ एप्रिलला दांडीला पोहोचली आणि मिठाचा कायदा मोडला गेला तो ६ एप्रिलच्या सकाळी. दोन तारखा दोन वेगळ्या घटनांच्या होत्या. त्या आता आमच्यापैकी कोणीही विसरणार नाही, कारण त्या आम्ही पाठ केल्या नाहीत, शोधून काढल्या.

याचा खरा उपयोग दिसला तो कांजिण्यांच्या साथीत. आमचे चार सोबती दोन आठवडे वेगळ्या खोलीत होते. कोणाची वही त्यांच्याकडे नेता येत नव्हती. सरांनी परवानगी काढून त्यांना एक संगणक मिळवून दिला. चौघे धडे वाचत आणि न कळलेले चर्चेच्या पानावर विचारत. उत्तर लिहिताना आमच्याच ध्यानात येई, की अमुक मुद्दा आपल्यालाही नीट समजलेला नाही. चौघेही चाचणी परीक्षेला आमच्याबरोबर बसले. सीमेवर असलेल्या एका सोबत्याच्या बाबांना ही बातमी फोनवरून कळली, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

पालकांना वाटेल, ही तर एकमेकांचे बघून लिहिण्याची सोय! तसे होऊ नये म्हणून आमचे तीन नियम आहेत. पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे उतरवायचे नाही. प्रत्येक तारीख आणि आकडा कुठून घेतला ते लिहायचे. दुसऱ्याचे वाक्य बदलले तर का बदलले, हे एका ओळीत सांगायचे. कोणी किती काम केले हे पानाच्या इतिहासात दिसतेच, म्हणून दोघांनी राबायचे आणि तिघांनी नाव लावायचे, हे इथे चालत नाही.

अशा लिखाणावर विश्वास ठेवावा का? २००५ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने विकिपीडिया आणि ब्रिटानिका यांतील ४२ वैज्ञानिक लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. विकिपीडियात लेखामागे सरासरी चार चुका निघाल्या, ब्रिटानिकात तीन. ब्रिटानिकाने या तपासणीवर आक्षेप घेतला. मला यातून एवढेच कळले, की चुका दोन्हीकडे असतात, म्हणून वाचणाऱ्याने पडताळून पाहण्याची सवय सोडू नये.

विकीने सगळे होत नाही. परीक्षेत पेपर एकट्यालाच लिहायचा असतो, म्हणून पान वाचून झाल्यावर वही मिटून स्वतः उत्तर लिहून पाहावे लागते. हाताने लिहिण्याचा सरावही हवाच.

ज्या सेक्शनला संगणकाची वेळ मिळत नाही, त्यांनी एक जाड रजिस्टर घ्यावे. उजव्या पानावर धडा, डाव्या पानावर शंका आणि प्रत्येक नोंदीखाली आपला रोल नंबर. सुरुवात सगळ्यात अवघड वाटणाऱ्या धड्याने करा. सर्वांत जास्त शंका तिथेच निघतात.