इंजिनांतील ठोका

मोटार चढणीवर जड ओढूं लागली कीं तिच्या इंजिनांतून कधीं कधीं लोखंडावर हातोडी पडावी तसा आवाज येतो. या क्षुद्र आवाजापायीं शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षें खर्चीं घातलीं. तीं कां, हें आपण पाहूं.

पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण सिलिंडरांत जितकें अधिक दाबून पेटवावें, तितका उष्णतेचा अधिक अंश कामीं येतो. गणितानें पाहतां, मिश्रण चौथ्या हिश्शापर्यंत दाबल्यास शेंकडा सुमारें ४३ आणि आठव्या हिश्शापर्यंत दाबल्यास सुमारें ५६ अंश मिळावा. प्रत्यक्षांत पुष्कळसा वायां जातो, हें वेगळें. मग अधिक कां दाबूं नये? कारण दाब वाढला कीं ठिणगीची ज्योत पोहोंचण्यापूर्वींच कोपऱ्यांतील मिश्रण आपोआप भडकतें. तोच हा ठोका. तो पिस्टन फोडूंही शकतो.

अमेरिकेंत डेटन येथें केटरिंग यांच्या हाताखालीं मिड्ग्ले व बॉइड यांनीं याचा शोध चालविला. तांबडें इंधन उष्णता लवकर शोषील, अशा कल्पनेनें मिड्ग्ले यांनीं १९१६ सालीं त्यांत आयोडीन घातलें, आणि ठोका थांबला! परंतु दुसरे तांबडे रंग घालून पाहतां कांहींच होईना. तर्क खोटा, फळ मात्र खरें. प्रयोगशाळेंत असेंही घडतें. पुढें टेल्युरियम हें द्रव्य गुणकारी ठरलें, पण त्याचा लसणीसारखा दर्प संशोधकांच्या अंगास असा चिकटे कीं स्नानानेंही जाईना. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजीं शिशाचें एक संयुग सांपडलें. त्याचा अत्यल्प अंश पुरे होई.

पण शिसें तें विष. १९२४ सालीं न्यू जर्सींत तें तयार करणारे पांच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरी विक्री चाललीच, आणि धुरावाटे शिसें मुलांच्या रक्तांत जाऊन त्यांच्या बुद्धीस अपाय करीत राहिलें. भारतांत मोटारींसाठीं असें पेट्रोल २००० सालीं बंद झालें. जगांत शेवटीं अल्जीरियांत, २०२१ सालीं.

आम्हांस खटकतें तें हें कीं, मद्यार्कानेंही ठोका थांबतो, हें त्या संशोधकांस तेव्हांच ठाऊक होतें. आज आपल्या साखर कारखान्यांचा मद्यार्क पेट्रोलांत मिसळला जातो. मात्र लिटरामागें त्याची उष्णता पेट्रोलच्या दोनतृतीयांशच असल्यामुळें, त्याचा पुरा लाभ घ्यावयाचा तर इंजिनांतील दाबही वाढविला पाहिजे.