उसन्या वाक्यांचा हिशेब

(द्वितीय वर्ष कला)

'वाङ्मयचौर्य' हा जड शब्द मी प्रथम ऐकला तो आरोपी म्हणूनच. इतिहासाच्या प्रकल्पासाठी मी नाणेघाट हा विषय घेतला होता. बावीस पाने, वर रंगीत पुठ्ठा. सरांनी वही चाळली आणि एवढेच विचारले, "मूर्ती पाहून मन भारावले, असे लिहिले आहेस. कोणती मूर्ती चांगली राहिली आहे रे?" मी म्हणालो, "नागनिकेची." सर हसले नाहीत. नाणेघाटाच्या लेण्यात सिमुक, नागनिका, सातकर्णी यांची नावे भिंतीवर आहेत; खालच्या मूर्ती कधीच नष्ट झाल्या, उरल्या त्या पावलांच्या खुणा. मी तिथे गेलोच नव्हतो. एका पुस्तिकेतून उतरवले होते, आणि त्या पुस्तिकाकारानेही बहुधा दुसऱ्या कुणाचे उतरवले असावे.

खरे सांगतो, त्यात मला काही गैर वाटले नव्हते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. शाळेत गाइडमधले उत्तर जसेच्या तसे लिहिले की शाबासकी मिळे. वडील मंचरला कांदा नेतात. पट्टीवर आपल्या नावाऐवजी दुसऱ्याचे नाव पडले तर त्यांना रात्रभर झोप लागणार नाही, हे मला ठाऊक होते. वाक्यालाही धनी असतो, हे ठाऊक नव्हते.

शब्द बदलले म्हणजे वाक्य आपले होते, हा आपल्यातला मोठा गैरसमज. समजा, पुस्तकात आहे की नाणेघाटाच्या लेखातील काही चिन्हे म्हणजे अंक आहेत, हे भगवानलाल इंद्रजी यांनी ओळखले. मी 'चिन्हे'ऐवजी 'खुणा' लिहून भगवानलालांचे नाव गाळले, तर शब्द माझे पण शोध चोरीचाच. नाणेघाट जुन्नर तालुक्यात आहे, हे सांगायला मात्र कुणाचा दाखला नको. ते सर्वांचे ज्ञान.

याच भगवानलालांची कथा विचार करायला लावते. जुनागडचा हा माणूस डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी वर्षानुवर्षे रानोमाळ हिंडून शिलालेखांच्या नकला घेत होता. निबंध भाऊ दाजींच्या नावे वाचले जात. भाऊ दाजी १८७४ साली वारले, त्यानंतर भगवानलालांचे स्वतःचे लेखन विद्वानांपुढे आले. भाऊ दाजींना चोर म्हणण्याचा माझा अधिकार नाही आणि तसा हेतूही नाही. ते मोठेच विद्वान. पण उन्हात उभे राहून अक्षरे उतरवणाऱ्याचे नाव कुठे यावे, हा प्रश्न उरतोच. १८८१ साली पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचे पुस्तक निघाले, त्यावर बर्जेस यांच्या जोडीला भगवानलालांचे नाव आहे.

आणि आपल्या जुन्नरच्या लेण्या तरी काय सांगतात? पाण्याची दोन टाकी दिली तरी दात्याचे नाव कोरलेले. इरिल नावाच्या यवनाचे नाव अशा दोन टाक्यांमुळेच आपल्याला कळते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली याबाबत नियम केले. प्रबंधात साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, ४० पर्यंत असेल तर सुधारून पुन्हा द्यायचा, ६० पर्यंत असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देण्यास बंदी, त्यापुढे नोंदणीच रद्द. (एक मित्र म्हणाला, "म्हणजे दहा टक्के चोरायला मोकळीक!" असा अर्थ काढणाऱ्यास काय म्हणावे?)

असो. सरांनी वही परत दिली. मी घाटघरमार्गे नाणेघाटात गेलो, पावलांच्या खुणा पाहिल्या, आणि नवा प्रकल्प नऊ पानांचा झाला. वाटेत एका आजोबांनी दगडी रांजणात जकात टाकत, ही ऐकीव गोष्ट सांगितली. ती त्यांच्या नावे लिहू का, असे विचारले तर म्हणाले, "माझं नाव कशाला? माझ्या आज्यानं सांगितलेलं." चौथ्या पानावर मी दोघांचाही उल्लेख केला आहे.