हाय-रेझ संगीतसेवा: वर्गणी भरण्याआधी काय तपासावे

हाय-रेझ संगीतसेवांची जाहिरात बिट आणि किलोहर्ट्झ या दोन आकड्यांवर उभी असते. सीडीवरचा ध्वनी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा असतो; म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा. या प्रतीचा ध्वनी काहीही न गाळता पोचला तर त्याला लॉसलेस म्हणतात. २४ बिट आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झपर्यंत गेला की तो हाय-रेझ. नमुन्यांच्या दराच्या निम्म्यापर्यंतची कंपनेच नोंदली जात असल्यामुळे सीडीची मर्यादा सुमारे २२ किलोहर्ट्झ येते. तरुण कान २० किलोहर्ट्झच्या आसपास थांबतो आणि वयाबरोबर ही मर्यादा खाली येत जाते. १६ बिटांत मावणारा ९६ डेसिबलचा पल्लाही पंखा आणि रस्त्याचा आवाज असलेल्या घरात पुरता वापरला जात नाही. २४ बिटांचा खरा फायदा स्टुडिओत, मुद्रण आणि संपादन करताना होतो.

चाचण्यांचे निष्कर्षही याला धरून आहेत. मेयर आणि मोरान यांच्या २००७ मधल्या प्रयोगात हाय-रेझ ध्वनी आणि त्याचेच सीडीच्या प्रतीवर उतरवलेले रूप यांतला फरक श्रोत्यांना सर्वसाधारण आवाजात ओळखता आला नाही. जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला, तेव्हा अचूक ओळखीचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. कान तयार केलेल्या श्रोत्यांत ते अधिक होते. फरक असलाच तर तो इतका बारीक आहे. त्यामुळे केवळ १९२ या आकड्यासाठी सेवा बदलणे फारसे हिताचे नाही.

बहुतेक सेवांच्या आकड्यांत आता मोठी तफावतही उरलेली नाही. अ‍ॅपल म्युझिकने जून २०२१ पासून २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी नेहमीच्याच वर्गणीत दिला. टायडलने एमक्यूए हे वादग्रस्त तंत्र २०२४ मध्ये सोडले आणि फ्लॅक हे लॉसलेस स्वरूप स्वीकारले. फ्रान्समधली कोबझ सेवा फ्लॅकच देते आणि अल्बम विकतही देते. स्पॉटिफायने लॉसलेसची घोषणा २०२१ मध्ये केली, ते प्रत्यक्षात आले सप्टेंबर २०२५ मध्ये आणि २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झपर्यंतच; भारतात त्यासाठी वरची योजना घ्यावी लागते. टायडल आणि कोबझ भारतात अधिकृतपणे सुरू नाहीत. अमेरिका-ब्रिटनमधल्या मराठी श्रोत्याला त्या सहज मिळतात, पुण्या-मुंबईतल्या श्रोत्याची निवड तेवढी मोठी नसते.

फसगत होते ती सेवेपासून स्पीकरपर्यंतच्या वाटेवर. अ‍ॅपमध्ये लॉसलेस बहुधा आपोआप सुरू नसते; वाय-फाय, मोबाइल डेटा आणि डाउनलोड यांसाठी ते वेगवेगळे निवडावे लागते. ब्लूटूथवर ध्वनी पुन्हा दाबला जातो. एलडॅकसारखे चांगले कोडेकही जास्तीत जास्त ९९० किलोबिट प्रतिसेकंद वाहून नेते, तर सीडीचा मूळ प्रवाह १,४११ किलोबिटांचा आहे. आयफोनवर ४८ किलोहर्ट्झच्या वर जायचे तर बाहेरचा डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे उपकरण, जोडावा लागतो. विंडोजवर आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर संगणकप्रणाली स्वतःच्या ठरलेल्या दरात सगळा ध्वनी बदलून घेते. प्रस्तुत लेखकाच्या घरी हे उघड झाले ते डॅकवरच्या दर्शकामुळे: अ‍ॅपमध्ये १९२ लिहिलेले दिसत होते आणि डॅक मात्र ४८ दाखवत होता. तो आकडा बदलेपर्यंत वाढीव प्रतीचा दावा कानांनी कितीही पटला असता, तरी घरात ती प्रत पोचलेलीच नव्हती.

उपाय सोपे आहेत. संगणकावर अ‍ॅपमध्ये ‘एक्सक्लुझिव्ह मोड’ असल्यास तो सुरू करावा. मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये दर पाहून घ्यावा. नेटवर्क स्ट्रीमर असल्यास सेवेची ‘कनेक्ट’ सोय वापरावी. मग फोन केवळ रिमोटचे काम करतो आणि स्ट्रीमर ध्वनी थेट इंटरनेटवरून घेतो.

दोन सेवांची तुलना करताना सर्वांत मोठी दिशाभूल आवाजाच्या पातळीमुळे होते. किंचित मोठा आवाज कानाला अधिक स्वच्छ आणि भरीव वाटतो. बहुतेक सेवा गाण्यांची पातळी सारखी करण्यासाठी आपापले प्रमाण लावतात आणि ती प्रमाणे नेहमी जुळतातच असे नाही. म्हणून ही सोय, इक्वलायझर आणि गाणी एकमेकांत मिसळणारा क्रॉसफेड दोन्हीकडे बंद ठेवावा, पातळी फोनवरच्या डेसिबल-मापकाने जुळवावी आणि सेवा बदलण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणाला द्यावे, म्हणजे काय चालू आहे हे श्रोत्याला माहीत नसेल.

त्यातही मास्टर, म्हणजे ज्यावरून प्रती निघतात ते अंतिम मुद्रण, एकच असावा लागतो. एकाच अल्बमच्या मूळ आणि रीमास्टर्ड अशा आवृत्त्या शेजारी शेजारी असतात. नव्या आवृत्तीत आवाजाचे चढउतार दाबून टाकलेले असले, तर २४ बिटांतही ती सपाटच वाजते. जुन्या हिंदुस्थानी संगीतात मूळ मुद्रणाचे महत्त्व अधिक जाणवते. १९२५ पूर्वी ध्वनिमुद्रण कर्ण्यातून होई आणि काही हजार हर्ट्झच्या पुढची कंपने तबकडीवर उतरतच नसत. तिथे १९२ किलोहर्ट्झ हा आकडा गाण्यात भर घालत नाही. तबकडी किती झिजलेली होती, ती योग्य वेगाने फिरवली का आणि खरखर काढताना आवाजाचा पोतही गेला का, हे प्रश्न मोलाचे ठरतात. वेग चुकला तर गायकाची पट्टीच बदलते. ख्यालाचे विलंबित आणि द्रुत वेगळे ट्रॅक असतील, तर मध्ये तानपुरा तुटतो का, हेही ऐकून पाहावे. राग आणि साथीदारांची नोंद नीट नसेल, तर संग्रह मोठा असूनही हवे ते सापडत नाही.

डेटाचा हिशोबही करावा. ३२० किलोबिटांवर तासाला सुमारे १४४ एमबी लागतात. दाबण्यापूर्वीचा सीडीचा ध्वनी तासाला ६३५ एमबी, तर २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचा सुमारे ४.१ जीबी भरतो. फ्लॅकमध्ये शेवटचे दोन आकडे बरेच उतरतात, पण त्यांचे एकमेकांशी प्रमाण ढोबळमानाने तसेच राहते.

निवडीचा क्रम असा ठेवावा: आवडीच्या गायक-वादकांचे अल्बम कुठे आहेत ते आधी शोधावे, मग आपल्या उपकरणांपर्यंत सीडीची प्रत पूर्ण पोचते का ते पाहावे, त्यानंतर वर्गणी आणि कुटुंब-योजना, आणि शेवटी किलोहर्ट्झ. पैसे शिल्लक राहिले तर ते स्पीकर, त्यांची मांडणी आणि खोलीतले पडदे-गालिचे यांवर खर्चावेत. तिथला फरक आंधळ्या चाचणीशिवायही ऐकू येतो. हक्कांचे करार संपले की अल्बम सेवेतून नाहीसे होतात आणि वर्गणी थांबली की डाउनलोडही वाजत नाहीत. त्यामुळे जे मुद्रण जवळ असलेच पाहिजे, त्याची सीडी किंवा विकतची फाइल घेऊन ठेवणे योग्य.